पिंटू जेवून नाई राहिला

देवमन तायडे यांना जगात दोन गोष्टी मुळीच खपत नसत. एक, बिनपावतीचं पार्सल. आणि दुसरी, पाल. पहिलीशी ते बडनेरा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात रिटायर होईपर्यंत लढले. दुसरीशी घरी झाडू घेऊन लढत. अशा माणसाच्या नवी वस्ती भागातल्या घरात, टीव्हीच्या शेजारी, काचेच्या पेटीत, खाली ऊब देणारी विजेची गादी अंथरून एक पाल ऐसपैस राहायला आली, याचं कारण एकच. ती पाल त्यांच्या एकुलत्या एका लेकीची होती.

आकांक्षाला बंगळुरूला नोकरी लागली. तिथल्या होस्टेलच्या बाईंना मांजर चाललं नसतं, मग पाल कुठून चालणार? निघायच्या दिवशी तिने बापाला पेटीसमोर बसवलं.

"बाबा, ही भिंतीवरची पाल नाही. लेपर्ड गेको आहे. भिंतीवर चढत नाही, अंगावर पडत नाही. हा डोळे मिटतो, बघा. नाव पिंटू."

देवमनरावांनी लांबूनच पाहिलं. वीतभर लांब, पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, जाडजूड शेपूट. पिंटूनेही त्यांच्याकडे पाहिलं आणि एक डोळा सावकाश मिटला. पार्सल ऑफिसात असा डोळा फक्त लुच्चे व्यापारी मिटत. देवमनरावांनी त्याच क्षणी ठरवलं की या इसमाशी आपण कामापुरतंच बोलायचं. शिवाय भारदस्त माणसाने पालीला 'पिंटू' म्हणणं बरं दिसत नाही. लेपर्ड म्हणजे बिबट्या. तेव्हा ते त्याला 'बिबट्या' म्हणू लागले. या एका शब्दाने पुढे किती गोंधळ होणार आहे, हे त्यांना तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

पिंटू खायचा फक्त पिवळ्या अळ्या. त्या कुरियरने यायच्या आणि कोंड्यात ठेवायच्या. ललिताबाईंनी सगळा संसार रव्यातल्या आणि पिठातल्या अळ्या वेचण्यात घालवला होता. आता त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच डब्यात, अळ्यांना चांगला चाळलेला कोंडा घालायची पाळी त्यांच्यावर आली.

"माय माय! आजवर अळी निघाली त मी दुकानदाराशी भांडली," त्या म्हणाल्या, "अन आता अळी मेली त पोट्टी माह्याशी भांडते."

रोज संध्याकाळी आकांक्षाचा फोन येई. पहिला प्रश्न पिंटूचा, दुसरा पिंटूचा, तिसराही पिंटूचाच. एके दिवशी तिने फर्मान काढलं. नुसत्या अळ्यांवर पिंटूचं भागणार नाही. अळ्या म्हणजे चरबी. त्याला रातकिडे पाहिजेत, रेशमाच्या अळ्या पाहिजेत, पाळलेली झुरळं पाहिजेत, आणि सगळं कॅल्शियमच्या भुकटीत घोळून. वेगवेगळं खाल्लं नाही तर हाडं ठिसूळ होतात.

"वेगवेगळं खायचं कोण शिकवणार त्याले?" देवमनरावांनी विचारलं.

"तुम्ही."

स्वयंपाकघरातून ललिताबाईंचं हसू ऐकू आलं. त्यांच्या मालकांनी जन्मात वांगं खाल्लं नव्हतं. भेंडी चिकट म्हणून नाही, दोडका पाणचट म्हणून नाही. तीस वर्षं वरण, भाकर आणि ठेचा या त्रिकोणाबाहेर त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. असा माणूस आता एका पालीला आहाराची विविधता शिकवणार होता.

शिक्षणाचा आरंभ शेजारच्या खुशालरावांच्या सल्ल्याने झाला. पातूरकडे त्यांची काळी जमीन होती, तीत कापूस आणि तूर. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडे उपाय असे, आणि तो ते उंबऱ्यातूनच सांगायला सुरुवात करत.

"देवमनभाऊ, किड्यासाठी तुमी कुरियर लावता? वावरात चाला माह्या! बोंडअळी पाहिजे का? गाडीभर देतो. सरकार घेत नाई, तुमचा पिंटू तरी घेईन."

दुसऱ्याच दिवशी ते नाकतोड्यांनी भरलेली बाटली घेऊन आले. देवमनरावांनी आकांक्षाला आनंदाने फोटो पाठवला. उलट फोन ताबडतोब आला. "बाबा! शेतात फवारणी केलेली असेल. पिंटू मरेल!"

खुशालरावांचा चेहरा पडला. "फवारलं त हाये," ते म्हणाले, आणि बाटलीकडे बघत राहिले. "पण पाहा ना, फवारूनही हे कसे ठणठणीत हायेत. म्हंजे आमी फवारतो कायले?" या प्रश्नाने ते इतके खिन्न झाले की ललिताबाईंना त्यांच्यासाठी चहा ठेवावा लागला.

मग रातकिडे मागवले. पुठ्ठ्याच्या खोक्यात जिवंत रातकिडे आले तो दिवस पौर्णिमेचा होता, आणि संध्याकाळी घरी बुद्धवंदना होती. आळीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून जमत होत्या. त्याआधी घाईने काम उरकावं म्हणून देवमनराव खोकं उघडायला बसले. आयुष्यभर लोकांची पार्सलं 'नीट बांधा, नीट बांधा' म्हणून परत पाठवणाऱ्या माणसाच्या हातून खोकं निसटलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळे रातकिडे सोफ्याखाली, कपाटाखाली आणि देवमनरावांच्या पायजम्यात गेले.

वंदना सुरू झाली. पुढे माणिकबाई बसल्या होत्या, आळीतल्या सगळ्यांत वडील. त्यांच्या संथ आवाजात त्रिसरण झालं. पंचशील सुरू होताच कपाटाखालून पहिला रातकिडा ओरडला. मग सोफ्याखालून दुसरा. मग सगळेच लागले सूर धरायला. ललिताबाई हात जोडलेलेच ठेवून डोळ्यांनी नवऱ्याला जाळत होत्या. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा सगळ्यांनी म्हटली, आणि नेमका त्याच वेळी एक रातकिडा टुणकन उडून माणिकबाईंच्या पदरावर बसला. देवमनरावांचा हात सवयीने वर गेला आणि हवेतच थांबला. मारावा तर आत्ताच शील घेतलं. सोडावा तर पिंटू उपाशी.

वंदना झाल्यावर त्यांनी माणिकबाईंजवळ मन मोकळं केलं. "आजी, मले रातची झोप नाई येऊन राहिली. एका जिवाले वाचवासाठी मी दुसरे जीव मागवून राहिलो. हे पाप नाई का?"

माणिकबाईंनी पदरावरचा रातकिडा ओंजळीत धरला आणि त्याला उंबऱ्याबाहेर सोडून दिलं. मग पेटीपाशी जाऊन, चष्मा सावरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"शील तुनं घेतलं बापा," त्या म्हणाल्या. "त्यानं नाई घेतलं. त्याले गवत खा म्हणशीन त थो मरते. तू एवढं कर, हौसेनं मारू नको, लागते तेवढंच दे, अन जे वाचलं ते सोडून दे." आणि जाता जाता म्हणाल्या, "दिसते गोड मुडदा."

पुढचे काही दिवस तायडे दांपत्य सोफा उचलून रातकिडे धरत होतं. एकेकाला भुकटीत घोळवून, ललिताबाईंचा भुवयांचा चिमटा वापरून, देवमनराव तो पिंटूच्या नाकासमोर नाचवत. "खाय रे. चांगला हाये. एक घास." पिंटू त्याला हुंगे, जिभेने स्वतःचं नाक पुसे आणि पाठ फिरवून दगडामागे जाई. देवमनरावांना हा अपमान वर्मी लागला. असं ताट सारून उठून जाणं या घरात आजवर एकाच माणसाला परवडत होतं, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः.

मग पिंटूने पिवळ्या अळ्याही सोडल्या.

इथून मात्र गंमत संपली. शेपटी हेच त्याचं साठवणीचं गोदाम, असं आकांक्षाने सांगितलं होतं, आणि ते गोदाम रिकामं होत चाललेलं दिसत होतं. देवमनराव सकाळी उठल्याबरोबर तोंड न धुता पेटीपाशी जाऊ लागले. वीज गेली की गादी गार पडे. तेव्हा ते गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीला टेकवत आणि स्वतः शेजारी मफलर बांधून बसत. 'बिबट्या' हे नाव कधी गळून पडलं आणि 'पिंटूबाबू' कधी तोंडात बसलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पण लोकांसमोर अजून बिबट्याच.

त्या दिवशी ते किराणा दुकानासमोर उभे होते. घरात फोनला रेंज येत नव्हती. पलीकडे आकांक्षा होती, आणि देवमनरावांचा असा समज होता की बंगळुरू लांब असल्यामुळे मोठ्याने बोलावं लागतं.

"हॅलो! हाव, बिबट्या! काईच खाऊन नाई राहिला! भुकेजला हाये! काल मी हात पुढं केला त बोटच धरलं त्यानं! नाई, लागलं नाई! आत्ता? आत्ता घरातच हाये ना, मोकळाच सोडला! तुही आई एकटीच हाये घरी, ते पाहून राहिली त्याच्याकडं!"

अमरावती-बडनेऱ्यात बिबट्या हा शब्द कोणी हसण्यावारी नेत नाही. गेल्याच पावसाळ्यात शहराच्या कडेला खरा बिबट्या भिंतीवर बसलेला लोकांनी पाहिला होता. दुकानासमोरची गर्दी आधी गप्प झाली, मग पांगली, आणि मग तिने फोन काढले.

देवमनराव तिथूनच पिंटूची भुकटी शोधत सगळे मेडिकल फिरले. परत येऊन पाहतात तो आपल्या दारात वनखात्याची गाडी, गाडीत मोठा पिंजरा, जाळी घेतलेली माणसं, आणि गच्च्यांवर सगळी नवी वस्ती. पिंटूला चांगले ओळखणारे खुशालरावही गर्दीच्या भरात हातात कुऱ्हाड घेऊन ओरडत होते, "वहिनी, हालू नका! आमी हाओत!" आतून ललिताबाई ओरडत होत्या, "कावून हालू नको? माह्या गॅसवर दूध हाये!"

"बिबट्या तुमचा?" वनपाल साहेबांनी करड्या आवाजात विचारलं.

देवमनराव आयुष्यात खोटं बोलले नव्हते. "हाव. पोरीचा हाये."

"कुठं हाये?"

"टीव्हीच्या बाजूले."

गच्च्यांवरून एक मोठा श्वास ऐकू आला. साहेब जाळीवाल्यांना घेऊन, पावलं न वाजवता आत शिरले. मग साहेबांचा आवाज आला, आणि तो रडका होता की हसरा हे बाहेरच्यांना नीट कळेना. "तायडे, हे काय हाये?"

नंतर रीतसर चौकशी झाली. विदेशी प्राणी पाळायचा तर नोंदणी पाहिजे. ती आकांक्षाने आधीच केली होती. कागद फोनवर आला, साहेबांनी पाहिला. पिंजरा रिकामा परत जाणार म्हणून जाळीवाले थोडे हिरमुसले होते, पण चहा घ्यायला सगळेच बसले. साहेबांचं लक्ष राहून राहून पेटीकडे जात होतं.

"जेवत नाई म्हणता? तायडे, खरा बिबट्याही नवीन जागी दोन-चार दिवस तोंड लावत नाई. पण याचं तसं नाई दिसत. पोट पाहा त्याचं. शेपटी वाळली अन पोट फुगलं. अकोल्याले डॉक्टर भावना म्हणून एक बाई हायेत, असे प्राणी पाहतात. उद्याच न्या."

गच्चीवरच्या लोकांनी त्या दिवशी देवमनरावांना जे नाव दिलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. पण ते पिंटूच्या पोटाकडे पाहण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. पिंटूला ललिताबाईंच्या स्टीलच्या डब्यात मऊ फडक्यावर ठेवलं होतं. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. ऊब राहावी म्हणून डबा देवमनरावांच्या स्वेटरच्या आत. ज्या स्टेशनवर त्यांनी कित्येकांच्या पिशव्यांतल्या कोंबड्या पकडल्या, त्याच स्टेशनवर ते पोटाशी डबा धरून चोरासारखे चालत होते.

समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, "डब्यात काय हाये वो भाऊ? सारखं झाकण उघडून पाहता."

"पाल हाये."

"अगं माय! भाजीत पडली का? मंग फेका ना, घेऊन कायले फिरता?"

"पडली नाई बाई," देवमनराव म्हणाले, "ठेवली हाये."

बाई उठून दुसऱ्या बाकावर गेल्या. बोरगावपर्यंत त्यांच्या आजूबाजूची सगळी जागा मोकळी झाली. देवमनरावांना एरवी मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण डब्यातून फडक्याची बारीक सळसळ ऐकू येत होती, आणि ती ऐकू येते आहे एवढ्यावरच त्यांचं समाधान होतं.

डॉक्टर भावना तरुण होत्या आणि मोजकं बोलत. त्यांनी पिंटूला तळहातावर घेतलं, उलटं केलं, पोटाखाली उजेड धरला आणि हसल्या.

"काका, याचं नाव काय म्हणालात?"

"पिंटू."

"पिंटू गरोदर आहे."

देवमनरावांनी डॉक्टरकडे पाहिलं, पिंटूकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनात पहिला विचार बापाचा आला. "कसं शक्य हाये? ते घराबाहेर गेलीच नाई!"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी घालते तसंच हे. पिल्लं होणार नाहीत, पण अंडी होतात. अशा दिवसांत मादीचं अन्नावरचं मन उडतं. अंडी घालायला ओली, मऊ, आडोशाची जागा पाहिजे. ती मिळाली नाही तर अंडी अडतात आणि जीव जातो. "ती तुमच्यावर रुसली नव्हती, काका. तिला जागा सापडत नव्हती. मोकळी झाली की मऊ खायला घाला. रेशमाच्या अळ्या मिळाल्या तर उत्तम."

बाहेर येऊन त्यांनी आधी घरी फोन लावला. "ललिता, आपला पिंटू पोरगी हाये. अन पोटुशी हाये."

ललिताबाईंनी आजवर पेटीला हात लावला नव्हता. "मंग मले आधी नाई सांगायचं?" त्या कडाडल्या. "अशा दिवसात पोरीच्या नाकापुढं किडे नाचवून राहिले होते तुमी! या लवकर. वारं लागू देऊ नका तिले."

देवमनराव घरी पोचले तेव्हा श्रीखंडाच्या मोठ्या डब्याला गोल दार कापून झालं होतं. आत ओला केलेला नारळाचा भुसा, मुठीने सारखा केलेला. पेटीवर जुन्या लुगड्याचा पडदा. ललिताबाईंनी पिंटूला स्वतःच्या हाताने त्या डब्यात सोडलं. कोणी मोठ्याने बोलायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, असा हुकूम निघाला. खुशालराव सल्ला द्यायला आले, तर त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं गेलं. "बाळंतिणीची खोली हाये. पुरुषमाणसाचं इथं काय काम?"

"मंग देवमनभाऊ?"

"ते बाप हायेत."

खुशालराव गेले ते थेट पातूरला. तिकडे त्यांची पुतणी पौर्णिमा तुती लावून रेशमाचे किडे पाळत असे, आणि तुतीवर कधी औषधाचा थेंब पडू देत नसे. मागच्या बाटलीचं शल्य त्यांच्या मनात होतंच. दोन दिवसांनी दुपारी ते स्कूटरवरून आले. मिशा धुळीने पांढऱ्या झालेल्या, पोटाशी टोपली, टोपलीत तुतीचा पाला आणि पाल्यावर गुबगुबीत पांढऱ्या अळ्या.

"फवारलेलं नाई," ते दारातूनच म्हणाले. "पौर्णिमेच्या गळ्याची शपथ."

त्याच सकाळी श्रीखंडाच्या डब्यात दोन पांढरी, लांबट अंडी दिसली होती. पिंटू दारात बसली होती. अंग रिकाम्या पिशवीसारखं झालेलं, डोळे अर्धवट मिटलेले. ललिताबाई, माणिकबाई आणि खुशालराव मागे उभे राहिले. देवमनरावांनी चिमटा घेतला नाही. पाल म्हटली की झाडू उचलणारा हा माणूस तळहातावर अळी ठेवून हात पेटीत घालून बसला.

"खाय बाई," ते म्हणाले. "नाई आवडली त टाक. कोणी काई म्हणणार नाई तुले."

पिंटूने अळी हुंगली. नाक पुसलं. मग एक पाय त्यांच्या बोटावर ठेवला, दुसरा ठेवला, आणि गपकन अळी उचलली. चावताना तिने दोन्ही डोळे मिटले. खुशालराव टाळी वाजवणार होते. माणिकबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. देवमनरावांनी दुसऱ्या हाताने चष्मा काढला आणि तो पुसत राहिले, कारण पेटीत वाफ फार असते.

त्यानंतर ती सगळं खाऊ लागली. रातकिडे, रेशमाच्या अळ्या, पाळलेली झुरळं, कॅल्शियमसकट. शेपटी पुन्हा जाडजूड झाली. फक्त हातावरून खायची, आणि तेही देवमनरावांच्याच.

उन्हाळा लागला तशी आकांक्षा आली. तिला बंगळुरूला स्वतंत्र खोली मिळाली होती, घरमालकाला काही अडचण नव्हती. ती पिंटूला न्यायला आली होती. देवमनरावांनी पेटी स्वतः बांधली, चारही बाजूंनी, पार्सल ऑफिसातल्या गाठी मारून. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर चालत सांगत होते, "तळहातावर दे! घाई करू नको! ते आधी नाक पुसते, मंग खाते!"

घर एकदम मोठं झालं. टीव्हीशेजारी पेटीच्या आकाराची स्वच्छ चौकोनी जागा दिसे. ललिताबाई तिथे काही ठेवत नव्हत्या.

चार-पाच दिवसांनी आकांक्षाचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"बाबा, पिंटू खात नाहीये. तुम्ही बोला तिच्याशी. मी स्पीकरवर टाकते."

देवमनराव उठून उभे राहिले. ललिताबाई पदराला हात पुसत आल्या. "पिंटू," देवमनराव म्हणाले, आणि या वेळी मुळीच ओरडले नाहीत. "पिंटूबाई. नवी जागा हाये, माईत हाये मले. करमत नाई. पण असं उपाशी राहून कसं चालते? एक घास खाय. तुले जे आवडते ते खाय. आमी हाओत ना इथं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पाली असं नाक ओढत नाहीत.

"आकांक्षा," देवमनरावांनी विचारलं, "तू जेवली का?"

"हो... म्हणजे बिस्किटं खाल्ली."

"काल?"

"तेच."

"परवा?"

"बाबा, इथलं काही आवडतच नाही मला. गेल्यापासूनच नाही आवडत."

देवमनरावांनी फोन छातीशी धरला. वळून त्यांनी ललिताबाईंकडे पाहिलं, आणि त्यांना म्हणायचं होतं की ज्वारी दळायला टाक, रात्रीच्या गाडीची तिकिटं मी पाहतो. पण ललिताबाई तिथे नव्हत्या. त्या आत स्टुलावर चढून कोठीतून ज्वारीचा डबा काढत होत्या, आणि तिथूनच विचारत होत्या की ठेचा हिरव्या मिरचीचा न्यायचा की लाल.